श्वास शिकवा, पण ओझ्याचा हिशोबही मांडा

दरवर्षी २१ जूनचा योग दिन उलटला की कोल्हापुरात एक वाद नव्याने पेटतो, आणि दरवर्षी तो चुकीच्याच टोकाने लढला जातो. मैदानात पांढऱ्या गणवेशात रांगेने बसलेल्या मुलांचे फोटो मोबाइलवर फिरतात. एक बाजू म्हणते, शाळेत रोज योगाचा तास सक्तीचा केला की मुलांच्या ताणाचा प्रश्नच मिटला. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं डोळ्यांत धूळफेक करणारं आहे. शिष्यवृत्ती, नीट, जेईई, सीईटी यांचं ओझं मुलांच्या डोक्यावर तसंच ठेवायचं आणि वर त्यांनाच सांगायचं की शांत बसा, श्वास घ्या. दोन्ही बाजूंना मुलांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण वर्गात नेमकं काय करायचं, किती मिनिटं करायचं, कोणत्या वयाच्या मुलांकडून करून घ्यायचं, त्यात काय बिघडू शकतं आणि त्यातून किती अपेक्षा धरायची, हे यातलं कुणीच बोलत नाही. तपशिलाशिवाय झालेला वाद शेवटी अस्मितेचा होतो, आणि मूल बाजूला पडतं.

माझं मत आधीच सांगतो. सोपी आसनं आणि सावकाश श्वासाचा सराव प्रत्येक शाळेत असावा. मात्र तो रोज सात-आठ मिनिटांचा असावा, वर्गशिक्षकांनीच घ्यावा आणि त्याचं प्रदर्शन होऊ नये. श्वास कोंडून धरणं आणि झपाट्याने फेकणं त्यात अजिबात नसावं. त्याच्या नावाखाली खेळाचा तास कापला जाऊ नये आणि समुपदेशकाची मागणीही गुंडाळली जाऊ नये. या अटी पाळायच्या नसतील, तर हा कार्यक्रम न केलेला बरा.

याचा उपयोग का होतो, हे आधी समजून घेऊ, कारण समर्थकच याची चुकीची कारणं देतात. दीर्घ श्वासाने मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं व्यासपीठावरून सर्रास सांगितलं जातं. निरोगी मुलाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतं. त्यात भर घालायला फारशी जागाच नसते. खरी गोष्ट वेगळी आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना मंदावतात. मेंदूकडून हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांपर्यंत जाणारी व्हेगस नस हे काम करते. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडला, तर नाडीतला हा फरक पुष्कळ मुलांना स्वतःला जाणवतो. भीती वाटली की श्वास आखूड होतो, छातीच्या वरच्या भागात अडकतो, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. यातल्या हृदयाला किंवा पोटाला आपण हुकूम देऊ शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या हातातही असतो. ‘चले वाते चलं चित्तं निश्चले निश्चलं भवेत्’ (श्वास हलला की मन हलतं, तो स्थिर झाला की मनही स्थिर होतं) असं हठप्रदीपिका हा योगावरचा जुना संस्कृत ग्रंथ म्हणतो, ते याच नात्याबद्दल. म्हणजे श्वास सोडण्याची वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवणं, हे या सगळ्याचं मर्म आहे. बाकी पसारा नंतरचा.

आता वर्गात काय करायचं ते पाहू. सतरंजी, मैदान, वेगळा पोशाख यांची गरज नाही, बाक पुरतो. पहिली तीन मिनिटं हालचालीची. उभं राहून दोन्ही हात वर नेत, टाचा उचलत ताडासन तीन वेळा. श्वास घेत खांदे कानांपर्यंत उचलायचे आणि सोडताना सैल टाकायचे, असं पाच वेळा. मग बाकावर दोन्ही तळहात टेकवून, कमरेतून वाकून, पाठ एकदा खोलगट आणि एकदा गोल, असं पाच-सहा वेळा. हालचाल आधी का? कारण धावपळ करून आलेल्या किंवा आतून घाबरलेल्या मुलाला एकदम ‘गप्प बस’ म्हटलं की त्याची अस्वस्थता वाढते. पतंजलींनीही आसन स्थिर झाल्यावरच प्राणायाम सांगितला आहे. त्यानंतर बसायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, एक हात पोटावर ठेवून. पाचवीच्या पुढच्या मुलांनी तीन अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि पाच मोजेपर्यंत सोडायचा, अशी दहा आवर्तनं. पहिली ते चौथीच्या मुलांना दोन अंकांत घेणं आणि तीन किंवा चार अंकांत सोडणं झेपतं, त्यांना सहा आवर्तनं पुरेत. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असतो. मोठ्या माणसांसाठीची लय त्यांच्यावर लादली की ती मधेच गुदमरल्यासारखी होऊन हवा ओढतात, आणि सगळा हेतूच उलटा होतो. मग पाच वेळा भ्रामरी. तोंड मिटून गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, मोजायला लागत नाही, म्हणून छोट्यांना हीच सगळ्यात चांगली जमते. शेवटचं एक मिनिट काहीच करायचं नाही. बाहेरचे आवाज ऐकायचे. डोळे मिटायची सक्ती नको. मारहाण, अपघात, घरातलं भांडण पाहिलेल्या मुलाला डोळे मिटले की जास्त भीती वाटू शकते. समोरच्या बाकावर नजर ठेवली तरी चालते.

एवढं साधं असूनही ते बिघडतं, आणि बिघडतं ते ठरावीक जागी. शिक्षक म्हणतात, ‘मोठ्ठा श्वास घ्या’, आणि पन्नास मुलं खांदे वर ओढून छाती फुगवतात. असे आठ-दहा मोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्या मुलाला वाटतं, आपल्याला काहीतरी होतंय, आणि त्यानंतर ते श्वासाच्या सरावालाच घाबरतं. म्हणून सूचना ‘सावकाश सोडा’ अशी हवी, आणि सुरुवातही सोडण्यापासूनच व्हावी. दुसरी चूक कपालभातीची, म्हणजे झपाट्याने श्वास फेकण्याची. टीव्हीवर पाहून शाळेत सगळ्यांकडून ती करून घेतली जाते. फिट येणाऱ्या, दमा असलेल्या, हर्निया असलेल्या मुलाला ती घातक ठरू शकते, आणि ताण उतरवण्यासाठी तिची गरजही नाही. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरेचा इशाराही वाचावा. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच श्वासही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं तीच हठप्रदीपिका बजावते. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर ओठांचा चंबू करून तोंडाने श्वास सोडायला सांगावं, अनुलोम-विलोमचा हट्ट धरू नये. दम्याच्या मुलाला धाप लागली असेल तर त्याला श्वासाचे धडे देत न बसता आधी त्याचा इनहेलर द्यावा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दंगा केल्यावर शिक्षा म्हणून ध्यानाला बसवणं. एकदा शांत बसणं ही शिक्षा ठरली की पुढची दहा वर्षं ते मूल शांत बसण्याकडे शिक्षा म्हणूनच पाहतं.

अजून एक. परीक्षेच्या दिवशी, प्रश्नपत्रिका वाटायच्या आधी पाच मिनिटं श्वास घ्यायला लावायचा आणि वर्षभर काही नाही, हा प्रकार निरुपयोगी आहे. घाबरलेल्या अवस्थेत माणूस नवीन काही शिकत नाही, सवयीचं तेवढंच त्याला आठवतं. मन शांत असताना किमान चार आठवडे रोज केलेला सराव परीक्षागृहात हाताशी येतो. रथसप्तमीला एका दमात शेकडो सूर्यनमस्कारांच्या स्पर्धा होतात, त्या व्यायाम म्हणून ठीक. पण आकडा गाठायच्या घाईत केलेला नमस्कार ताण उतरवत नाही, उलट आणखी एक स्पर्धा डोक्यावर बसवतो.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ. ताण मुलात नाही, व्यवस्थेत आहे. मग उपचार मुलावर का? हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून कुणी योगाची बाजू मांडू नये. एनसीईआरटीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. सकाळी सातला घर सोडून शाळा, मग क्लास, मग टेस्ट सिरीज करून रात्री साडेनऊला परतणाऱ्या मुलाची झोप कुठून पूर्ण होणार? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. ही झोप कापून उरलेल्या वेळात भ्रामरी करून काय साधणार? काहीच नाही. जो पालक मुलाला दोन क्लास लावून वर योगवर्गालाही घालतो, त्याने मुलाच्या दिवसात तिसरा क्लास भरला आहे, इतकंच.

पण या मुद्द्यावरून ‘म्हणून श्वास शिकवूच नका’ हा निष्कर्ष निघतो का? कोल्हापूरकरांनी तरी तो काढू नये, कारण कारणं दूर करणं आणि माणसाला बळ देणं ही दोन कामं एकत्र कशी करायची, हे याच शहराने पाहिलं आहे. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात राहून शिकता येत नाही, हे दिसल्यावर शाहू महाराजांनी त्याला जिद्दीचं व्याख्यान दिलं नाही. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आणि त्याच राजाने १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तालमींना आश्रय दिला, मल्ल पोसले. वसतिगृह झालं म्हणून तालमीची गरज संपली, असं त्यांना वाटलं नाही. तालीम आहे म्हणून वसतिगृहाचा खर्च वाचवू, असंही त्यांनी म्हटलं नाही.

शिवाय प्रत्येक ताणाचं कारण दूर करता येतं, हे गृहीतकच इथे टिकत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातली कुटुंबं रातोरात घर सोडून निवारा केंद्रांत गेली. गोठ्यातली जनावरं, दप्तर, पुस्तकं मागे सोडून आलेल्या मुलांना पुढच्या जुलैत पावसाची संततधार लागली की झोप येईनाशी झाली, तर त्यांना काय सांगणार? आधी धरणांच्या विसर्गाचं नियोजन होऊ द्या, पूररेषेतली बांधकामं हटू द्या, मग तुमच्या धडधडणाऱ्या छातीचं बघू? नियोजनाची मागणी रेटलीच पाहिजे. पण आज रात्री त्या मुलाला झोपवायचं आहे. आईच्या मांडीला टेकून दहा वेळा लांब सोडलेला श्वास तेवढं काम करू शकतो. तो कुठल्याही मागणीच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. ब्रिटनमधल्या ऐंशीहून जास्त शाळांत, अकरा ते चौदा वयाच्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) प्रशिक्षणाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा या प्रशिक्षणाचा मुलांच्या मानसिक आरोग्याला जास्त फायदा झाला नाही. ज्यांना आधीपासून त्रासाचा धोका होता, त्या काही मुलांच्या बाबतीत उलटा परिणाम होण्याची शक्यताही दिसली. हे समर्थकांनी लपवू नये. शाळांमधल्या योगावरचे बाकीचे अभ्यासही बरेचसे छोटे आहेत आणि त्यांत दिसणारा फायदा माफक आहे. मग आग्रह कशाला? ब्रिटनमध्ये नेमकं काय झालं ते बघा. तिथे विचारांकडे आणि भावनांकडे लक्ष देण्याचे मोजके दहा पाठ होते, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. रोज शरीर हलवून, श्वास लांबवून करायच्या सरावाची ती परीक्षा नव्हती. सजगतेचं ध्यान आणि लांब उच्छ्वासाचा सराव यांची थेट तुलना २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात झाली. महिनाभर रोज पाच मिनिटं लांब श्वास सोडणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. ती मोठी माणसं होती, म्हणून तो निकाल जसाच्या तसा मुलांना लावता येत नाही. पण दिशा कळते. ब्रिटनच्या प्रयोगातून मी घेतलेला धडा असा: मुलांना स्वतःच्या मनात डोकावत बसवू नका, त्यांच्या हातापायांना आणि श्वासाला काम द्या. आणि चमत्काराची जाहिरात करू नका.

तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत कुणालाही विचारा, उत्तर येईल: पोराला फुटबॉल खेळू दे, तालमीत जोर-बैठका मारू दे, ताण कुठल्या कुठे जाईल. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. योगाची सात मिनिटं हा तास भरून काढत नाहीत. खेळाचा तास कापून योगाचा तास ठेवणारी शाळा मुलांचं नुकसानच करते, हे मी स्पष्ट म्हणतो. पण परीक्षागृहात फुटबॉल नेता येत नाही. आणि तालमीतला वस्ताद तरी काय शिकवतो? कुस्तीच्या हौद्यात उतरलेल्या पोराचा श्वास फुलला की तो आधी दम धरायला, खांदे सैल सोडायला सांगतो, कारण धापा टाकणारा पैलवान समोरच्याची चाल बघत नाही. म्हणजे मातीतल्या परंपरेला हे ज्ञान नवं नाही. तालमीच्या दारात कधीच न गेलेल्या मुलामुलींपर्यंत, विशेषतः मुलींपर्यंत, ते वर्गातूनच पोचेल.

धर्माचा प्रश्न उरतो, आणि तो जितका वाढवला जातो तितका मोठा नाही. २०१५ साली पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळावे लागले होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने १९९३ पासून सरकारी शाळांत योगावर बंदी घातली होती. २०२१ साली ती उठवली, पण ‘नमस्ते’ म्हणायला मनाई कायम ठेवली. दोन्हीकडची ही भीती वर्गातल्या सात मिनिटांना लागू पडत नाही. तीन अंकांत श्वास घेऊन पाच अंकांत सोडायला मंत्र लागत नाही, आणि भ्रामरीतल्या गुणगुणण्याला कुठल्याही देवाचं नाव नसतं. महाराष्ट्र शासनाने शाळांत राबवलेला आनापानाचा ‘मित्र उपक्रम’ तर बौद्ध परंपरेतल्या श्वासाच्या निरीक्षणावर आधारलेला आहे. ज्यांना ओंकार म्हणायचा आहे त्यांनी घरी अवश्य म्हणावा. शाळेच्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसतात, तिथे कुणालाही बाहेर उभं राहावं लागणार नाही असाच सराव हवा. सक्तीबद्दलही तेच. शाळांत योग सक्तीचा करावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळली, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. नको असलेल्या मुलाने त्या वेळात शांतपणे चित्र काढलं तरी वर्गाचं काही बिघडत नाही, आणि सक्तीने घेतलेला श्वास लांब होत नाही.

शेवटी मर्यादा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला, म्हणजे साठांच्या वर्गात चार. या चौघांना श्वासाचा सराव आधार देईल, पण बरं करणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प राहतंय, झोप-जेवण बिघडलंय, मित्र सोडलेत, आवडीच्या गोष्टीत मन नाही, किंवा जगण्याला कंटाळल्याचं बोलतंय, तर त्याला आसनं न शिकवता त्याच दिवशी माणसापर्यंत पोचवायचं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाता येतं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाला शांत करत बसण्यापेक्षा त्याची अध्ययन-अक्षमतेची तपासणी करावी; त्याच्या ताणाचं कारण तिथे आहे. आणि वर्गात पट्टी चालत असेल, तर आधी ती थांबवावी.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी योग हवा की नको यावर मतदान मागण्यापेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. हा सराव कोणत्या तासिकेतून वेळ काढून होणार, आणि ती तासिका खेळाची तर नाही ना? वर्गशिक्षकांना तो कोण शिकवणार, आणि कपालभाती व श्वास रोखणं नाही हे त्यांना लेखी दिलं आहे का? दमा, फिट, हृदयाचा त्रास असलेल्या मुलांची यादी वर्गात आहे का? शिष्यवृत्तीच्या जादा तासांना आठवड्यात एक दिवस सुट्टी आहे का? आणि समुपदेशक शाळेत कोणत्या वारी, किती वाजता बसणार, याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय बैठकीतून उठू नये.